नेपल्समध्ये मुक्काम आहे आणि हातात एकच दिवस आहे. जुन्या रोमन लोकांची घरं आतून पाहायची असतील तर पॉम्पेईला जावं की हर्क्युलेनियमला?

घरंच पाहायची असतील तर डोळे झाकून हर्क्युलेनियम.

माझा क्रम उलटा झाला. आधी पॉम्पेई केलं. जूनचं ऊन, सावलीचा पत्ता नाही, आणि नकाशावर खुणा करून ठेवलेल्या घरांपैकी निम्म्यांना कुलूप. संध्याकाळपर्यंत पायांचे तुकडे पडले आणि लक्षात राहिले ते रस्तेच. पॉम्पेई हे शहर म्हणून अफाट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घरात कोणीतरी राहत होतं असं मला वाटलं ते दोन दिवसांनी, हर्क्युलेनियममध्ये.

दोन्ही गावं इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या एकाच उद्रेकात गेली, पण गेली वेगवेगळ्या तऱ्हेने. पॉम्पेईवर आधी तासन्‌तास सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला आणि त्या भाराने छपरं खाली बसली. वारा पॉम्पेईच्या दिशेने वाहत असल्याने हर्क्युलेनियमवर सुरुवातीला फारसं काही पडलंच नाही. मग तापलेल्या राखेचे आणि वायूचे लोट आले, थरावर थर साचले आणि गाव सुमारे २० मीटर खाली गाडलं गेलं. हवा न मिळाल्यामुळे लाकूड जळून राख झालं नाही, भट्टीत होतो तसा त्याचा कोळसा झाला. म्हणून तिथे तुळया, दारं, वरचे मजले टिकले. बाळाचा पाळणासुद्धा सापडला.

आत गेलात की 'कासा देल त्रामेत्सो दी लेन्यो' म्हणजे लाकडी आडोशाचं घर शोधा. आपल्या वाड्यासारखा चौक, वर आभाळ उघडं, खाली पावसाचं पाणी धरायचा उथळ हौद. चौक आणि मालकाची बैठक यांच्यामध्ये घडीच्या दारांचा लाकडी पडदा उभा आहे, काळाठिक्कर. मधला भाग गेलाय, पण दोन्ही बाजूंच्या फळ्या आणि दिवे टांगायचे ब्राँझचे आकडे जागेवर आहेत. काचेमागे असलं तरी जवळून पाहता येतं. माझी पंधरा मिनिटं तिथेच गेली.

त्याच्या शेजारचं 'कासा आ ग्रातिच्चो' लोक सोडून पुढे जातात, तसं करू नका. ते गरिबांचं, भाडेकरूंचं घर. लाकडी चौकटीत दगड-चुना भरून केलेल्या पातळ भिंती; मला कोकणातल्या कुडाच्या भिंती आठवल्या. हा प्रकार मुळात शोधलाच गेला नसता तर बरं, असं व्हिट्रुव्हियस हा रोमन वास्तुकार वैतागून लिहून गेलाय, कारण त्या मशालीसारख्या पेटतात. आणि नेमक्या त्याच टिकल्या! पुढे नेपच्यून आणि अँफिट्राइटीचं घर आहे. मागे निळ्या-हिरव्या काचतुकड्यांची भित्तिचित्रं, पुढे दुकान आणि त्यात लाकडी फळीवर मातीचे उभे रांजण. दुकानदाराने पैसा कुठे घातला ते लगेच कळतं.

नेपल्सहून लोकल ट्रेनने 'एर्कोलानो स्कावी'ला उतरा आणि समुद्राच्या दिशेने सरळ उतारावर दहा मिनिटं चाला. गाव खड्ड्यात दिसेल आणि कडेच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत आजच्या लोकांचे कपडे वाळत असतील. सगळं तीन तासांत आरामात होतं. खाली जुन्या किनाऱ्यावरच्या कमानींमध्ये सुमारे ३०० माणसांचे सांगाडे सापडले. लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा.

अर्धा दिवस काढता आला तर नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय बघाच. पॉम्पेईच्या एका घरात १९३८ मध्ये सापडलेली भारतीय हस्तिदंती बाई तिथे आहे, जेमतेम वीतभर उंचीची. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, बहुधा ती यक्षी असावी. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेव्हा मंगळवार हर्क्युलेनियमला द्या.