रिपोर्ट नॉर्मल आले, तरी लोकलमध्ये धडधड का होते?

ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल आहे, मग लोकलमध्ये पॅनिक अटॅक (अचानक उसळणाऱ्या भीतीचा झटका) का येतो आणि धडधड सुरूच होऊ नये म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण पॅनिकशी जुनी ओळख आहे. धडधड होऊच नये हा हट्ट आधी सोडा. पॅनिक त्याच हट्टावर पोसतं.

पूल धावत चढलं की छाती धडधडते, सगळ्यांचीच. बहुतेकांना वाटतं, दम लागला. आपल्याला वाटतं, गेलो. मग घाबरून श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि त्या मुंग्या हाच आपल्याला हार्ट अटॅकचा पुरावा वाटतो! मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी हे चक्र १९८६ मध्ये मांडलं. राइस, मॅकनॅली वगैरे संशोधक मंडळींनी त्याच वर्षी या 'घाबरण्याच्या भीती'साठी १६ प्रश्नांची मोजपट्टी केली. पुढे अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत नव्या कॅडेट्सच्या खडतर प्रशिक्षणाआधी ही भीती मोजली गेली. जिथे ती जास्त, तिथे प्रशिक्षणाच्या काळात अटॅक येण्याची शक्यता जास्त निघाली. म्हणजे ही भीती अटॅक येऊन गेल्यावरच बसते असं नाही.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, 'हार्टचं काही नाही हे कळतं, तरी सहन होत नाही.' ही गाठ वेगळी आहे. भीती म्हणते, काहीतरी भयंकर होणार. असह्यपणा म्हणतो, होवो न होवो, मला हे आत्ताच्या आत्ता थांबायला हवं. म्हणून तुम्ही दादरऐवजी कुर्ल्याला उतरता. उतरल्यावर बरं वाटतं आणि श्रेय उतरण्याला जातं. गाडीत बसून राहिला असतात तरी जोर ओसरला असता, पण ते बघायची संधीच मिळत नाही. पाण्याची बाटली, खिशातली 'असू दे' म्हणून ठेवलेली गोळी, सगळं त्यातलंच. अनुलोम-विलोमसुद्धा! एरवी जरूर करा. अटॅक थोपवायला करत असाल तर तेही बाटलीच्याच रांगेत. (डॉक्टरांनी रोजची गोळी दिली असेल तर ती मनाने बंद करू नका. तो विषय वेगळा.)

उपाय उलटा आहे: धडधड मुद्दाम आणायची. जागच्या जागी धावणं, खुर्चीत गरगर फिरणं, बारीक स्ट्रॉने श्वास घेणं. आणि मग पाणी न पिता, नाडी न तपासता ते ओसरेपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा फार वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. एकट्याने सुरू करण्यापेक्षा सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) करणारे सायकॉलॉजिस्ट शोधा आणि अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, 'इंटरोसेप्टिव्ह एक्सपोजर करून घेता का?' (धडधड मुद्दाम आणण्याच्या या उपायाचंच हे नाव.) नुसत्या गप्पा आणि रिलॅक्सेशनवर भागवणारे असतील तर दुसरीकडे जा.