छाटलेल्या फांद्यांचं कुंपण

प्रश्न : परसात कडुनिंब-बोरीच्या फांद्या साचतात. तारेच्या जाळीऐवजी त्यांचं कुंपण होईल का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : जरूर करा, सरडे, मुंगूस, बुलबुल यांना आडोसा मिळेल. बाभळीचे सहा फुटी खुंट दीड फूट खोल, दोन ओळींत गाडा. दोन ओळींमध्ये दीड फूट, एका ओळीतल्या खुंटांत तीन फूट अंतर. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खुंट कलतात, म्हणून खड्ड्यात मुरूम ठोकून भरा. मधे जाड फांद्या खाली, बारीक वर, आडव्या दाबा. तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) घातल्या तर वरच्या थरातच. जमिनीला टेकल्या की वाळवी लागते. भर खचेल तशी नवी छाटणी घाला. शेंगा लागलेली वेडी बाभूळ अजिबात नको, बी रुजून जागा व्यापते. सापही येतात, तेव्हा घराच्या भिंतीला लागून रचू नका.