बारा सेकंदांत तीन पिक्सेल

चि. होतकरू सौरनिरीक्षकास,
अनेक आशीर्वाद.

सूर्यावरचे छोटे झोत, म्हणजे तापलेल्या वायूचे फवारे, शोधायचे ठरवलंच आहेस, तर आधी एक हिशेब कागदावर मांड. नासाच्या एसडीओ या सौरनिरीक्षक उपग्रहावरच्या एआयए दुर्बिणीचा एक पिक्सेल ०.६ आर्कसेकंदाचा, म्हणजे सूर्यावर सुमारे ४३५ किमी. एकाच तरंगलांबीच्या दोन चित्रांत अंतर १२ सेकंदांचं. सेकंदाला १०० किमी धावणारा झोत तेवढ्यात १,२०० किमी जातो, म्हणजे जेमतेम तीन पिक्सेल. सोलर ऑर्बिटर यानाने मार्च २०२२ मध्ये टिपलेले पिकोफ्लेअर, म्हणजे अगदी क्षीण ऊर्जेचे, झोत तर २० ते १०० सेकंदच टिकतात आणि रुंदीला काहीशे किमी. ते एआयएत शोधत बसू नकोस. ध्रुवाजवळच्या करोनल होलमधले, म्हणजे करोनाच्या (सूर्याच्या बाहेरच्या तप्त वातावरणाच्या) विरळ, काळ्या भागातले, दहाएक मिनिटं टिकणारे झोत घे. तिथली पार्श्वभूमी काळीशार असल्याने ते उठून दिसतात.

पूर्ण चकतीच्या फाइली उतरवू नकोस. ३०० गुणिले ३०० आर्कसेकंदांचा तुकडा आणि एक तास पुरे. तेवढ्यातच एका वाहिनीची, म्हणजे एका तरंगलांबीची, ३०० चित्रं होतात. १७१, १९३ आणि ३०४ अँगस्ट्रॉम घे. ३०४ मध्ये सुमारे ५०,००० केल्विनचा थंड पदार्थ दिसतो, १९३ मध्ये पंधरा लाखांच्या आसपासचा. झोताच्या तळाशी थंड, काळा धागा वर उचलला जातोय का, हे तीनही वाहिन्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

आता खरी मेख. लेव्हल १ च्या, म्हणजे प्राथमिक संस्कार झालेल्या, चित्रांतून वैश्विक किरणांचे ठिपके आधीच पुसलेले असतात. त्या झाडलोटीत एकदोन पिक्सेलांची खरी चमकही जाते! संशय आला की एआयएपाय या पायथन संचातलं रीस्पाइक वापरून ते पिक्सेल परत आण, पण चित्रं फिरवून जुळवण्याआधी. नंतर ते जमत नाही. मग पॉइंटिंग (दुर्बिणीच्या रोखाची नोंद) सुधार, चित्रं जुळव आणि प्रत्येक चित्राला त्याच्या एक्स्पोजरच्या वेळेने भाग. जवळपास फ्लेअर, म्हणजे मोठा सौरस्फोट, झाला की एक्स्पोजर आपोआप घटतं, आणि भागाकार विसरलास तर झोत मध्येच विझल्यासारखा वाटेल.

वेगासाठी झोताच्या वाटेवर पाचेक पिक्सेल रुंद पट्टी आख आणि काळ-अंतर आलेख काढ. चकतीच्या मध्याजवळ सूर्याच्या फिरण्याने सगळं तासाला सुमारे नऊ आर्कसेकंद सरकतं. ते वजा केलं नाहीस तर स्थिर ठिपकाही तिरपी रेघ काढतो. रेघेच्या उतारातून मिळतो तो फक्त आकाशाच्या प्रतलातला वेग. शिवाय तो पदार्थाचाच असेल असंही नाही, कारण तापण्याची लाट तशीच दिसते. तिथे आयरिस या सौर उपग्रहाचा वर्णपट हवा.

तळाचं चुंबकीय क्षेत्र पाहायला एसडीओवरच्याच एचएमआय उपकरणाची, दर ४५ सेकंदांची चित्रं आहेत. त्यांतला गोंगाट दहाएक गाउसचा (गाउस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), तेव्हा चार चित्रांची सरासरी घे. विरुद्ध ध्रुवतेचे ठिपके एकमेकांना भिडून विरतायत का, ते बघ. सूर्याच्या कडेजवळ, म्हणजे ध्रुवाजवळच्या झोतांसाठीही, मात्र हा उद्योग करू नकोस. तिथे अशा मापनावर भरवसा नाही.

पुढे सोलर ऑर्बिटरकडे वळशील तेव्हा घड्याळ सांभाळ. यान सूर्यापासून ०.३३ खगोलीय एककावर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या एक तृतीयांशावर, असेल तर त्याला तोच झोत पृथ्वीपेक्षा सुमारे साडेपाच मिनिटं आधी दिसतो. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने घडवलेला, आदित्य-एल१ यानावरचा सूट हा दुर्बीण-कॅमेरा २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये पाहतो. तळाच्या थरांसाठी तो कामाचा, करोनातल्या झोतासाठी नाही.

पहिला आलेख पाठवशील तेव्हा पट्टीच्या दोन्ही टोकांचे निर्देशांक आणि वेळ सोबत लिही. नुसतं रंगीत चित्र पाठवू नकोस.

तुझा,
मार्गदर्शक