नवी जाती 'शोधली' की 'वर्णिली'?

निपाणीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. ज्वालामुखी विवरांतल्या तळ्यांत मिळालेल्या, गोड्या पाण्यातल्या एका बारीक कवचधारी प्राण्याची बातमी त्यांना शाळेच्या फलकावर लिहायची आहे. शास्त्रज्ञांनी नवी जाती 'शोधली' म्हणायचे, तिचा 'शोध लावला' म्हणायचे, की तिचे 'वर्णन केले' म्हणायचे? आणि मुळात जाती की प्रजाती?

'नव्या जातीचे वर्णन केले' हेच लिहा. जागा कमी असेल तर 'नवी जाती वर्णिली'. प्राणी तळ्यात आधीपासून होताच, जाळी टाकणाऱ्या कुणालाही तो मिळाला असता. शास्त्राच्या दफ्तरी त्याची नोंद होते ती वर्णन नियमानुसार प्रसिद्ध झाल्यावर. इथले 'वर्णन' शाळेच्या निबंधातले नव्हे. ती ठरलेली, किचकट कृती आहे आणि ती कळली की क्रियापदाबद्दल शंका उरत नाही.

हा प्राणी कोपेपॉड गटातला आहे असे धरू, कारण अशा तळ्यांतून बरेचदा तेच हाती लागतात. 'अरित्रपाद' हा मराठी शब्दही अर्थाला चोख आहे: अरित्र म्हणजे वल्हे. नारूच्या काळात पाणी फडक्यातून गाळून प्यायला सांगत ते ज्या सायक्लॉप्समुळे, तोही याच गटातला. लांबी साधारण एक मिलिमीटर. ती मोजताना शेपटीकडचे लांब रोम धरायचे नाहीत, नाहीतर आकडा फुगतो.

नमुने दोन बाटल्यांत ठेवतात. एकीत चार टक्के फॉर्मलिन, अवयव ताठ आणि शाबूत राहावेत म्हणून. दुसरीत ९५ टक्के अल्कोहोल, कारण फॉर्मलिनने डीएनए खराब होतो. मग पूर्ण वाढलेले नर-मादी वेगळे करायचे. अंड्यातून बाहेर आल्यावर नॉप्लियसच्या, म्हणजे पहिल्या डिंभाच्या, सहा अवस्था, पुढे कोपेपोडिडच्या, म्हणजे प्रौढासारख्या दिसू लागलेल्या पिल्लाच्या, पाच आणि त्यानंतर प्रौढ. पाचवी कोपेपोडिड अवस्था प्रौढासारखीच दिसते, पण तिचे पाय अजून पुरते घडलेले नसतात. तिच्यावरून वर्णन केले तर जाती चुकलीच.

पाय सुटे करण्यासाठी प्राणी ग्लिसरीनमध्ये घेतात. अल्कोहोलमधला प्राणी थेट घट्ट ग्लिसरीनमध्ये टाकला तर आकसून चिपाड होतो, म्हणून पातळ द्रावणातून हळूहळू न्यावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुयांनी एकेक पायाची जोडी सुटी करून काचपट्टीवर मांडतात, प्रत्येक खंडावरचे काटे आणि रोम मोजतात, चित्रे काढतात. डायप्टोमिड या कोपेपॉडांच्याच एका कुलात सगळी मदार नराच्या पाचव्या पायावर असते. तो दोन्ही बाजूंना सारखा नसतो. उजवा मोठा, टोकाला आकड्यासारख्या वाकड्या नखीचा. काचपट्टीवर जोडी उलटी बसली आणि ते ध्यानात आले नाही, तर चित्रात उजवा डावा होतो आणि जवळच्या जातींशी केलेली सगळी तुलना कोलमडते.

शेवटी एक नमुना 'होलोटाइप' ठरवून तो कोणत्या संग्रहालयात आहे ते छापावे लागते. नाव त्या नमुन्याला बांधलेले असते, म्हणून 'नामधारक नमुना' म्हणायला हरकत नाही. हे सगळे 'शोधली' या एका शब्दात मावत नाही.

आता जाती-प्रजाती. मराठीत मोठ्या गटाकडून लहानाकडे चांगली उतरंड आहे: कुल (फॅमिली), वंश (जीनस), जाती (स्पीशीज). 'प्रजाती' हा शब्द मराठीत वंशासाठीही वापरला गेला आहे. हिंदीत मात्र तो जातीसाठी आहे, आणि वर्तमानपत्रांनी तोच उचलला. सीमाभागात आणखी एक खाच आहे. कन्नडात कुटुंब, कुल, प्रभेद अशी उतरंड भेटते. म्हणजे त्यांचे 'कुल' हा आपला वंश. कन्नड टिपणावरून मराठी करताना 'कुल' तसेच उचलले तर प्राणी एक पायरी वर चढतो. तेव्हा 'प्रजाती' टाळा. वंश आणि जाती लिहा. 'जाती' म्हटल्यावर मुलांना माणसांची जात आठवेल असे वाटत असेल, तर 'जीवजाती' लिहा.

'ज्वालामुखीय सरोवर' हेही जपून वापरा. बेळगावच्या उत्तरेकडचा काळा पाषाण ज्वालामुखीतूनच आला, पण म्हणून त्यावरचे प्रत्येक तळे ज्वालामुखीय ठरत नाही. नुसते 'विवर सरोवर' म्हटले तर लोणारही त्यात येते. ते बेसाल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या पाषाणात, असले तरी उल्काघाताने झाले आहे. 'ज्वालामुखी विवरातील तळे' यात गोंधळ नाही.

फलकावर शास्त्रीय नाव आले तर त्यापुढचा कंस काढू नका. मेक्सिकोतल्या आल्चिचिका या ज्वालामुखी विवरातल्या, काहीशा खारट तळ्यातला कोपेपॉड 'लेप्टोडायप्टोमस गार्सिआय (ओसोरियो-तफाल, 1942)' असा लिहितात. कंसाचा अर्थ असा की 1942 मध्ये वर्णन झाले तेव्हा ही जाती दुसऱ्या वंशात, 'डायप्टोमस'मध्ये होती. वंश पुढे बदलला. तुमच्या बातमीतली जाती आहे त्याच वंशात वर्णिलेली असेल, तर वर्णनकर्त्याचे नाव आणि साल कंसाविना येईल.