सायकलसाठी मागचा लुकलुकणारा लाल दिवा घरी कसा बनवावा?

डिचोलीहून पहाटे अंधारातच सायकलने कामावर निघावं लागतं, पावसात मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांना आपण दिसत नाही, थोडंफार सोल्डरिंग येतं, तर असा दिवा घरी जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल, आणि जरूर करा. त्यातलं सर्किट एका संध्याकाळचं काम आहे. खरी मेहनत दिव्यात पाणी शिरू न देण्यात आणि तो वळणावरूनही दिसेल असा बसवण्यात आहे, म्हणून सर्किट उरकून त्याकडे वळतो.

५५५ टायमर चिप वापरा, ती ठरावीक वेळाने दिवा आपोआप चालू-बंद करते. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये तिची रचना केली, तरी आजही ती इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात काही रुपयांत मिळते. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुणी ओळखीचं शिकत असेल तर त्यांच्या डब्यातच दोन-चार पडलेल्या असतील. शिवाय झिरो पीसीबीचा (सोल्डरिंगसाठी भोकं असलेल्या बोर्डाचा) छोटा तुकडा, ४७ के आणि १० के (के म्हणजे हजार ओहम) असे दोन रेझिस्टन्स, १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, '१०३' छापलेला एक बारका सिरॅमिक कंडेन्सर, तीन लाल एलईडी आणि प्रत्येकीला २२० ओहमचा वेगळा रेझिस्टन्स एवढं आणा. वीज चार पेन्सिल सेलची, त्यांचा होल्डर आणि एक स्विचही घ्या.

चिपवरची खाच डावीकडे ठेवली की खालच्या ओळीत डावीकडून १ ते ४ आणि वरच्या ओळीत उजवीकडून ५ ते ८ असे पाय मोजायचे. ४ आणि ८ प्लसला, १ मायनसला. २ आणि ६ एकमेकांना जोडा. ८ आणि ७ च्या मध्ये ४७ के, ७ आणि ६ च्या मध्ये १० के. मोठ्या कंडेन्सरचं प्लस टोक ६ ला, मायनस टोक १ ला. बारका कंडेन्सर ५ आणि १ च्या मध्ये. आता महत्त्वाचं: एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या प्लसला आणि आखूड पाय रेझिस्टन्समधून ३ नंबरला जोडा. बहुतेक आकृत्यांत हे उलटं दाखवलेलं असतं, पण माझ्या जोडणीत ३ नंबरच्या पायावरचा व्होल्टेज खाली गेला की दिवा लागतो, आणि तो वेळ फक्त १० के वर अवलंबून असतो. दिवा साधारण ०.०७ सेकंद पेटतो आणि ०.४ सेकंद विझतो. म्हणजे सेकंदाला दोनदा, मिनिटाला सुमारे १३० वेळा. ब्रिटनमध्ये २००५ पासून लुकलुकणाऱ्या सायकल दिव्यांना परवानगी आहे आणि तिथली मर्यादा मिनिटाला ६० ते २४० अशी आहे, तेव्हा हा वेग योग्यच म्हणायचा. सेलही पुष्कळ टिकतात: सरासरी करंट बारा मिलिअँपिअरच्या आसपास बसतो, म्हणजे चांगल्या सेलवर शंभर तासांहून जास्त.

जर्मनीत मात्र सायकलला लुकलुकणारा मागचा दिवा चालत नाही, स्थिरच लागतो. मला त्यात तथ्य वाटतं. लुकलुक पटकन लक्ष वेधते, पण सायकल किती पुढे आहे याचा अंदाज स्थिर दिव्यावरून चांगला येतो. म्हणून चौथी एलईडी १ के रेझिस्टन्स लावून थेट बॅटरीवर ठेवा, ती मंद पण सतत पेटलेली राहील. माझ्या सायकलला असे दोन्ही आहेत आणि तुम्हीही दोन्ही ठेवावेत असा माझा आग्रह आहे.

आता कोनाकडे. पारदर्शक, झगझगीत ५ मिलिमीटरच्या एलईडीचा झोत फार अरुंद असतो. समोर उभं राहिलं तर डोळे दिपतात, दोन पावलं बाजूला सरकलं की दिवा जवळजवळ दिसेनासा होतो. आपल्याकडे सरळ रस्ता आहेच किती? गाडी वळणावरून येते, ड्रायव्हरला तुम्ही आधी तिरकेच दिसता. म्हणून मधली एलईडी सरळ ठेवा आणि बाजूच्या दोघी पाय वाकवून डावी-उजवीकडे वळवा. त्या दोघींची टोकं बारीक पॉलिशपेपरने घासून दुधी केली तर प्रकाश आणखी पसरतो.

दिवा सीटखाली लावू नका. पावसाळ्यात रेनकोटची मागची बाजू सीटवरून खाली लोंबते आणि दिवा नेमका तिच्याआड जातो. पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची, सायकल आठवा: पावाची मोठी टोपली, वर प्लास्टिक, सीटखालचा दिवा मागून कुणाला दिसणार? कॅरिअरच्या अगदी मागच्या पट्टीवर, रस्त्याला समांतर बसवा. तोंड जरा जरी खाली झुकलं तर नुसता डांबरी रस्ता उजळतो.

आणि पाणी. जून ते सप्टेंबर ते वरून येतंच, शिवाय मागचं चाक खालून तांबडा चिखल उडवतं. गोळ्यांची आटे असलेल्या झाकणाची पारदर्शक प्लास्टिक बाटली घ्या, ती सर्वांत बरी. बाटली आडवी बसेल, बूड मागे, झाकण सीटच्या बाजूला. स्विचचं भोक सिलिकॉनने बंद करा आणि खालच्या बाजूला सुईएवढं एक छिद्र मुद्दाम ठेवा, कारण आत साचणाऱ्या दमटपणाला बाहेर पडायला वाट हवी. तपासून झाल्यावर बोर्डाच्या सोल्डरच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात द्या. सेलच्या स्प्रिंगांना व्हॅसलिनचं बोट लावा, नाहीतर आपल्या दमट, खाऱ्या हवेत त्यांना लवकर हिरवा कीट चढतो. खड्ड्यात सेल उडून दिवा क्षणभर बंद पडू नये म्हणून होल्डरवर रबर चढवा आणि उरलेल्या जागेत स्पंज कोंबा.

रस्त्यावर नेण्याआधी नेहमीचं सामान कॅरिअरवर बांधून, रेनकोट घालून सायकलवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी अंधारात पन्नास पावलं मागे पाठवा. मधून, डावीकडून, उजवीकडून, तिन्हीकडून दिसतो का ते त्यांना सांगू द्या. एका बाजूने कमी दिसला तर त्या बाजूची एलईडी आणखी वाकवा. मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर मात्र काढू नका. सेल संपले तरी गाडीच्या हेडलाइटमध्ये तो चमकतो, फक्त रोज निघताना त्याच्यावरचा आणि बाटलीवरचा चिखल फडक्याने पुसा.