तारे रात्रभर पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतात, एवढ्यावरून पृथ्वी फिरते असं सिद्ध होतं का?

नाही, नुसत्या तेवढ्यावरून नाही. आकाश फिरतंय आणि आपण स्थिर आहोत असं मानलं, तरी डोळ्यांना दिसणारं दृश्य अगदी तेच राहील. म्हणून तर हा वाद इतकी शतकं चालला. नावेत पुढे जाणाऱ्याला काठावरच्या वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहिलं होतं. नंतरच्या ब्रह्मगुप्तासारख्या मोठ्या गणितज्ञालाही ते पटलं नाही.

आकाश फिरतं असं धरलं तर अंतरांचं काय करायचं, हा खरा पेच. प्रश्वा तारा सुमारे 11.4 प्रकाशवर्षांवर आहे (प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष). त्याने रोज पृथ्वीभोवती फेरी मारायची म्हणजे दिवसाला 70 हून जास्त प्रकाशवर्षं धावायचं! त्यापेक्षा पृथ्वीने 23 तास 56 मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेणं कितीतरी सोपं.

पण 'सोपं आहे' हा काही पुरावा नव्हे. पुरावा आकाशाकडे न बघता मिळायला हवा, आणि तो फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूकोने 1851 साली पॅरिसमध्ये 67 मीटर लांबीचा लंबक टांगून दाखवला. खालची जमीन फिरत असल्यामुळे लंबकाच्या झोक्याची दिशा तासाला साधारण 11 अंशांनी वळत गेलेली दिसली. ध्रुवावर हाच आकडा 15 अंश येतो, विषुववृत्तावर शून्य. अक्षांशानुसार होणारा हा बदल पृथ्वीच्या परिवलनातून थेट गणिताने काढता येतो.