जुळ्यांच्या मोहात पडण्याआधी

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची काजूबाग आहे. गवत वाया जातं म्हणून घाटावरून दख्खनी मेंढ्या आणल्या. जुळी मिळावीत म्हणून 'नारी सुवर्णा' नर आणू का? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : आणा की! पण यंदाच जुळी होतील म्हणून वाट बघू नका. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणला, तीच ही 'नारी सुवर्णा'. नरामुळे आताच्या मेंढ्यांना जास्त कोकरं होत नाहीत. गुण दिसतो तो त्याच्या लेकींत.

आणि जुळी होणं वेगळं, ती जगवणं वेगळं. माझा भर आईवर. बाटलीशिवाय दोन्ही कोकरं वाढवते ती मेंढी ठेवायची, मग दिसायला किरकोळ का असेना. कोकरांचं दूध तोडल्यावर मेंढीची कास चाचपा. गाठ लागली, एखादा सड बंद निघाला, तर ती विकायची. माया करू नका. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, कोकरं किती, तीन महिन्यांचं वजन, एवढं वहीत हवंच.

आपल्याकडे खरा वैरी पाऊस: जंत होतात आणि खुरं कुजतात. खालची पापणी ओढून बघा. पांढरट दिसली तर जंताचं औषध. दरवर्षी त्याच मेंढीची पापणी पांढरी पडत असेल तर तिची लेक पैदाशीला ठेवू नका. गोठ्यात फळ्यांचा उंच माचा करा. गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणून नर मेअखेरीस सोडा. कोकरं पाऊस सरल्यावर येतील.

काजूच्या हंगामात मात्र कळप बोंडांखाली मोकळा सोडू नका, अति खाऊन पोट बिघडतं.